वाचण्यापुरती परवानगी

त्रिशला मगदूम सांगलीहून परत आली तेव्हा साडेपाच वाजले होते. बहिणीच्या नव्या घराची पूजा होती. येईल तो विचारत होता, "भरतेशदाजी का नाही आले?" आणि तिनं सगळ्यांना एकच सांगितलं होतं, की त्यांचं अंग जरा कसकसतंय. जयसिंगपूरच्या सातव्या गल्लीतल्या आपल्या घराच्या दारात चपला काढताना तिला दिसलं, की नवरा इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून पुढच्या खोलीत बसलाय.

"झाली पूजा?" भरतेशनं विचारलं.

"तुम्ही का नाही आलात? मी कोपऱ्यावर पंधरा मिनिटं रिक्षा थांबवून उभी होते."

"तूच म्हणालीस ना, असू दे, मी जाते."

"मी म्हणाले, मी रिक्षा थांबवते, या मागोमाग."

"नाही. असू दे, मी जाते. दोनदा म्हणालीस. मी शर्ट घालून तयार उभा होतो."

त्रिशलानं त्याच्याकडे नीट पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी भांडला होता, रुसला होता, पण खोटं बोललेला तिला आठवत नव्हता. आणि आपण काय बोललो तेही तिला चांगलं ठाऊक होतं. गेलं वर्ष-दीड वर्ष हे असंच चाललं होतं. हळूहळू त्यानं स्वयंपाकघरात यायचं सोडलं होतं, बाजाराला बरोबर यायचं सोडलं होतं. पुढच्या खोलीतली खुर्ची हेच त्याचं घर झालं होतं. माणूस म्हातारपणी तुटक होतो, तसा हा झाला, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिची नजर त्याच्या उजव्या कानामागच्या करड्या बटणावर गेली.

भरतेशनं शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं काढली होती. ओतून आलेल्या लोखंडी भागांच्या कडा घासायचं काम. त्या आवाजानं त्याचे दोन्ही कान खाल्ले. साध्या श्रवणयंत्राचा उपयोग होईना, तेव्हा चार वर्षांपूर्वी त्याला 'श्रुतिका' बसवली. कानाच्या आतल्या शंखात तारेचा एक बारीक धागा, आणि बाहेर बोराएवढा संगणक. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या हजारो पेशी असतात, त्यांचं काम या धाग्यावरच्या बावीस टोकांनी करायचं. बावीस टोकांतून बोलणं पोचतं, पण ते फाटलेल्या छापासारखं, अर्धी अक्षरं उडालेलं. श्रुतिकेची करामत त्या उडालेल्या अक्षरांत होती. ती घरातल्या माणसांचे आवाज ओळखायला शिकायची. कोण कधी काय बोलतं याची नोंद ठेवायची. एखादा शब्द नीट पोचला नाही, की पूर्वीच्या बोलण्यावरून अंदाज बांधायची आणि गाळलेली जागा त्याच माणसाच्या आवाजात भरून टाकायची. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटायचं, आपल्याला लख्ख ऐकू येतंय.

दोन वर्षांनी श्रुतिका बनवणारी कंपनी बंद पडली. बंद होताना तिनं श्रुतिकेचं सगळं सॉफ्टवेअर लोकांना खुलं करून टाकलं आणि प्रत्येक वापरणाऱ्याला एक पत्र पाठवलं. पत्रात त्याच्या यंत्राचा मुख्य परवलीचा शब्द होता. ते पत्र मगदुमांच्या कपाटात, लाइटच्या बिलांखाली पडून होतं.

त्रिशला एका छापखान्यात सकाळच्या पाळीला डीटीपी ऑपरेटर होती. लग्नपत्रिका, पूजेच्या पत्रिका, निवडणुकीतली हस्तपत्रकं. छापखान्याचे जुने संगणक नव्या प्रणालीचा भार सोसेनात, तेव्हा मालकांनी त्यांवर लिनक्स ही हलकी, मोफत प्रणाली घातली होती. आठ दिवसांत ती फायली उघडायला, हलवायला, नावं बदलायला शिकली आणि त्यावरच तिची दोन वर्षं निघून गेली. त्याच्या पुढे काय असतं, हे विचारायची गरज पडली नव्हती. एरवी कुणालाच पडत नसे. प्रत्येक संगणकात बोलका सहायक होता, त्याला सांगितलं की काम व्हायचं.

तिनं पहिल्यांदा सहायकालाच विचारलं. शरीराला जोडलेल्या यंत्रांबद्दल मदत करायला कायद्यानं बंदी आहे, असं सांगून त्यानं तिला कानाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "कान ठीक आहे, यंत्रही चालू आहे. आतलं सॉफ्टवेअर आमच्या हातात नाही."

मग ती नगरपालिकेच्या वाचनालयात गेली. तिथं रविवारी सकाळी सलमा नदाफ लिनक्सचा वर्ग घ्यायच्या. दारावर खडूनं लिहिलेलं असायचं, 'पहिली पायरी चढलेल्यांसाठी'. नदाफ मॅडम तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, साठीच्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत बसणाऱ्या.

त्रिशलाचं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मगदूमताई, तुम्हाला घर झाडता येतं. आता भिंतीतली वायरिंग बघायचीय. त्याला वेळ लागतो. आणि वायरिंग चालू आहे, त्याला माणूस जोडलेला आहे."

"किती वेळ?"

"तीन महिने फक्त वाचायचं. एक अक्षर बदलायचं नाही. चालेल?"

त्रिशलाला ते चालणार होतं. वीस वर्षं ती प्रुफं वाचत आली होती.

भरतेश जेवण झालं की दोन ते चार झोपायचा आणि श्रुतिका चार्जिंगच्या डबीत ठेवायचा. डबीत असली की घरातल्या संगणकावरून तिच्यात शिरता यायचं. "यंत्रात काय बिघडलंय ते बघते," एवढं तिनं त्याला सांगितलं होतं. तो मान हलवून झोपला होता.

शिकणं सुरू झालं. श्रुतिकेच्या पोटात लिनक्सच होतं, फक्त खिडक्या नसलेलं, नुसत्या काळ्या पडद्याचं. कोणती कामं पाठीमागे सतत चालू असतात, ती कोण सुरू करतं, त्यांच्या नोंदी कुठं लिहिल्या जातात, हे ती एकेक करून वहीत उतरवू लागली. ग्रेप नावाची आज्ञा तिला फार आवडली. लाखभर ओळींच्या फायलीतून हवा तो शब्द असलेल्या ओळी ती तांदळातल्या खड्यांसारख्या वेचून देई. एका आज्ञेचं उत्तर नळीतून पाणी सोडावं तसं दुसरीला देता येतं, दुसरीचं तिसरीला. वेचलेल्या ओळी रांगेनं लावायच्या, सारख्या ओळी मोजायच्या. आणि डिफ. दोन फायली शेजारी ठेवून नेमका फरक दाखवणारी आज्ञा. हे तर मूळ प्रत आणि प्रूफ ताडून बघणंच होतं.

दुसऱ्या महिन्यात तिला हवी ती नोंदवही सापडली. प्रत्येक शब्दापुढे कुणाचा आवाज ते होतं, आणि एक खूण. 'ऐ' म्हणजे ऐकलेला. 'अं' म्हणजे अंदाजानं भरलेला.

पण श्रुतिकेवर श्रुतिकेचीच साक्ष कशी मानायची? म्हणून सुट्टीच्या एका सोमवारी त्रिशलानं पदराला छोटा माइक लावला आणि दिवसभराचं आपलं बोलणं टिपलं. दुसऱ्या दिवशी ते टाइप करून काढलं. एका बाजूला ती जे बोलली ते, दुसऱ्या बाजूला भरतेशनं जे ऐकलं ते. डिफ चालवलं.

ती बोलली होती, "कढी गरम आहे तोवर जेवून घ्या." त्यानं ऐकलं होतं, "असू दे, मी करते."

ती बोलली होती, "शेजारच्या अक्काला मुलगा झाला." त्यानं ऐकलं, "असू दे, मी जाते."

"हे जरा वरच्या फळीवरनं काढता का?" "असू दे, मी काढते."

एका दिवसात अडतीस वेळा. ती प्रत्यक्षात तीनदा म्हणाली होती.

तिनं आकडा पुन्हा मोजून पाहिला. मग जुन्या नोंदी उघडल्या, चार वर्षांपूर्वीच्या. यंत्र नवीन होतं, कंपनी चालू होती. त्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. भरतेश नुकताच निवृत्त झाला होता आणि काहीही करायला पुढे आला की सांडलवंड करायचा. त्या नोंदींत 'असू दे, मी करते' पानापानांवर होतं. दिवसाला तीस वेळा, चाळीस वेळा. आणि पुढची खूण होती 'ऐ'. ऐकलेलं. अंदाज नव्हे.

रविवारी नदाफ मॅडमनी नोंदी पाहिल्या. "हे बघा काय झालंय. यंत्र अंदाज बांधतं आणि तो अंदाजही बोलण्याच्या वहीत टिपून ठेवतं. कंपनी होती तेव्हा रोज तिथून तपासणी व्हायची, अंदाज बाजूला काढले जायचे. आता काढणारं कुणी नाही. उद्याचा अंदाज आजच्या अंदाजावर."

"चुकीचं प्रूफच मूळ प्रत म्हणून पुन्हा कंपोझला द्यावं, तसं."

"अगदी तसं. आणि पहिली प्रत तुमचीच."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "अंदाज बंद करता येईल. पण मग त्यांना फक्त बावीस टोकांचं ऐकू येईल. फाटकं. ते त्यांनी ठरवायचं. तुम्ही अजून एक महिना वाचा."

त्या महिन्यातल्या एका दुपारी त्रिशलाला वाक्यांची यादी सापडली. प्रत्येक माणसाची वेगळी. तिच्या यादीत सगळ्यात वर, सगळ्यात जड वजनाचं, तेच वाक्य. आणि खूप खाली, पहिल्या आठवड्यात कधीतरी बोललेलं, जवळजवळ शून्य वजनाचं: 'जरा इकडं येता का?'

वाचून थांबायचं, हे तिला ठाऊक होतं. पण मुख्य परवलीचा शब्द तिच्याकडे होता आणि वाक्यही तिचंच होतं, परक्याचं नव्हतं. तिनं आधी यादीची एक प्रत काढून बाजूला ठेवली. मग वरच्या वाक्याचं वजन खाली आणलं, खालच्याचं वर नेलं. दोन आकडे. फाइल जतन केली. चार वाजता भरतेश उठला आणि त्यानं बटण कानामागे लावलं.

सव्वाचारला तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "बोलावलंस?"

तिनं बोलावलं नव्हतं. ती चहाची पातेली विसळत पुटपुटत होती. "हो," ती म्हणाली. "बसा. चहा झालाच."

दोन दिवस घराचा रंग बदलला. भरतेश ओट्याशेजारी स्टूल घेऊन बसला, शेंगा सोलल्या, गवार मोडली. फाउंड्रीतल्या एका मुकादमाची गोष्ट सांगून एकटाच हसला. त्याचं ते हसणं ती विसरूनच गेली होती. तिला बरं वाटत होतं, आणि प्रत्येक वेळी तो "आलो, आलो" म्हणत आला की आपण बोलावलं नव्हतं हेही आठवत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर तिचं डोकं भयंकर दुखायला लागलं. ती आतल्या खोलीत पडली. भरतेश दाराशी आला तेव्हा ती म्हणाली, "मला जरा एकटीला पडू द्या."

तो हसत आत आला आणि खुर्ची ओढून बसला.

"अहो, डोकं दुखतंय. जरा एकटीला पडू द्या."

"हां, बसलो की," तो म्हणाला आणि मुकादमाची दुसरी गोष्ट सुरू केली.

त्रिशलानं तिसऱ्यांदा सांगितलं नाही. छताकडे बघत तिनं ती सबंध गोष्ट ऐकली. आता या घरात तिला नाही म्हणता येत नव्हतं, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला समोर बसवलं. छापखान्यातून आणलेल्या, चुकलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा घरात नेहमीच असे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर तिनं सगळं लिहून काढलं होतं. बोलून सांगण्यावर तिचा भरवसा राहिला नव्हता. एकेक पत्रिका ती त्याच्या हातात देत गेली. नोंदवही, अडतीस वेळा, यादी, दोन आकडे.

भरतेशनं शेवटची पत्रिका दोनदा वाचली. "माझ्या कानात तू लिहिलंस?"

तिनं मान हलवली.

त्यानं बटण काढून डबीत ठेवलं, चपला घातल्या आणि बाहेर गेला. दुपारी आला, जेवला, झोपला. बटण लावलं नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. त्याच्या कानांत पूर्ण शांतता होती आणि घरातही. त्रिशलानं फक्त यादीची जुनी प्रत परत जागेवर ठेवली आणि तसं एका पत्रिकेवर लिहून त्याच्या ताटाजवळ ठेवलं.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना भरतेशनं पेन मागितलं. एका पत्रिकेमागे त्यानं लिहिलं, 'पहिल्या वर्षात तू हे खरंच म्हणायचीस.'

तिनं खाली लिहिलं, 'हो. म्हणायचे.'

'दिवसात किती वेळा?'

'चाळीस.'

त्यानं पेन खाली ठेवलं. मग बोलला, स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे जरा मोठ्यानं. "मला वाटलं, मी उगाच मनाला लावून घेतलं." थोड्या वेळानं म्हणाला, "चावी कुणाकडं आहे?"

तिला कळलं नाही.

"फाउंड्रीत मोठ्या मशीनच्या आत शिरून काम करायचं असलं, की जो आत शिरणार त्यानं स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं. चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. साहेब आला तरी द्यायची नाही. इथं माझं डोकं आत आहे, त्रिशला. चावी माझ्या खिशात पाहिजे."

त्या सकाळी ती छापखान्यात गेली नाही. दोघं संगणकासमोर बसले. तिनं कागदावर तीन रकाने काढून त्याला समजावलं. लिनक्समध्ये प्रत्येक फायलीला एक मालक असतो. मालकाला काय करता येईल, सोबतच्या गटाला काय, बाकीच्यांना काय, हे वेगवेगळं ठरवता येतं. वाचणं, लिहिणं, चालवणं. तिनं भरतेशच्या नावानं नवा वापरकर्ता केला. नोंदवह्या, यादी, अंदाज बांधणारं काम, सगळ्यांची मालकी त्याच्या नावावर केली. पत्रातला मुख्य परवलीचा शब्द बदलून नवा टाकायची वेळ आली तेव्हा ती उठून खिडकीशी गेली. मागे कळफलकावर एका बोटाची टकटक सावकाश चालली होती. एकदा चुकली, पुन्हा झाली.

"तुझं काय ठेवायचं?" त्यानं विचारलं.

तिनं रकान्याकडे बोट दाखवून खांदे उडवले. काहीच नाही, असं तिला म्हणायचं होतं.

"वाचता येऊ दे तुला," भरतेश म्हणाला. "काय ऐकतोय ते कळायला पाहिजे कुणाला तरी. लिहिता नको."

तसं झालं. पुढच्या रविवारी तो डबी घेऊन तिच्याबरोबर वाचनालयात आला. अंदाज एकदम बंद करू नका, असं नदाफ मॅडमनी पाटीवर लिहून सांगितलं. यंत्र अडलं तर ते सुरू करून देणारी कंपनी आता नाही. श्रुतिकेच्या सगळ्या पोटाची एक हुबेहूब प्रत त्यांनी वाचनालयाच्या संगणकावर उतरवली. त्या प्रतीत अंदाजाचं काम तीनदा बंद केलं, तीनदा चालू केलं. आवाज कानाला सोसेल त्यापुढे जाऊ न देणाऱ्या मर्यादेला धक्का लागत नाही ना, हे बघितलं. शेवटी भरतेशनं खऱ्या यंत्रात शिरून स्वतःच्या बोटानं ती ओळ टाइप केली. त्रिशला पाठीमागे उभी राहून वाचत होती. एक अक्षर चुकलं होतं. तिनं दाखवलं, त्यानं दुरुस्त केलं.

त्यानं बटण कानामागे लावलं आणि त्याचा चेहरा आक्रसला.

"काय होतंय?" तिनं विचारलं.

"चालू पंख्यातनं बोलायलीस असं वाटतंय," तो म्हणाला. "पुन्हा बोल."

पहिले पंधरा दिवस कठीण गेले. बाजारात त्याला काहीच कळेना, तेव्हा बाहेर जाताना अंदाज चालू करायचा आणि घरात बंद, असं त्यानं ठरवलं. बाहेरचे अंदाज वहीत टिपले जाणार नाहीत, ही सोय त्रिशलानं शोधून वाचून दाखवली आणि त्यानं बसवली. घरात तिला प्रत्येक गोष्ट त्याच्या समोर येऊन, तोंड दिसेल असं उभं राहून, सावकाश सांगावी लागे. दोनदा, कधी तीनदा. आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत बोलणं बंद झालं. पाठ करून बोलणं बंद झालं. संध्याकाळपर्यंत ती दमून जायची. एवढा खटाटोप करून सांगण्याजोगं आपण दिवसभरात काय बोलतो, असा तिला प्रश्न पडायचा, आणि बरंचसं बोलणं ती ओठांतच ठेवायची.

मार्चमधल्या एका सकाळी भरतेश अंगणात जास्वंदीला पाणी घालत होता. त्रिशला पायऱ्या उतरून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला सायकल शिकायचीय," ती म्हणाली.

भरतेशनं नळ बंद केला. "काय? शिलाई?"

"सायकल. शिकायचीय."

"कुणाला?"

"मला." तिनं छातीवर हात ठेवला, मग दोन्ही मुठी पुढे धरून हँडल वळवलं. "सायकल."

भरतेश तिच्या तोंडाकडे बघत राहिला. हे वाक्य ती पस्तीस वर्षांत कधी बोलली नव्हती. "लहानपणी शिकली नाहीस?"

"आबा नको म्हणाले होते."

हे त्याला दुसऱ्या खेपेला कळलं. तो हसला नाही. त्यानं गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. सरळ, सपाट गल्ली, सकाळची मोकळी.

"नवव्या गल्लीतल्या दुकानात बघून येतो," हात पुसत तो म्हणाला. "दांडीची की बिनदांडीची?"

"बिनदांडीची," त्रिशला म्हणाली.

हे मात्र त्याला पहिल्या खेपेलाच ऐकू आलं.